सिंगालीलाच्या धारेवर धावायचं कसं

दार्जिलिंगहून घूम आणि सुखियापोखरी मागे टाकून पंचवीस-सव्वीस किलोमीटर गेलं की मानेभंज्यांग लागतं. बाजारपेठेचं छोटंसं गाव, दोन उतारांच्या मधल्या खिंडीत वसलेलं. गावाचा एक भाग पश्चिम बंगालमध्ये आणि दुसरा नेपाळच्या इलाम जिल्ह्यात येतो. मधे कुंपण नाही. भाजी आणायला, चहा प्यायला, पाहुण्यांकडे जायला माणसं दिवसभर एका देशातून दुसऱ्या देशात ये-जा करतात. या गावातून उत्तरेला चढणारी वाट टुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी अशी गावं घेत संदकफूला पोहोचते आणि तिथून फालुटला. हे अंतर पन्नासहून थोडं जास्त किलोमीटर आहे, आणि त्यातला बराचसा भाग भारत-नेपाळ हद्दीवरूनच जातो.

महाराष्ट्रातले ट्रेकर संदकफूला कित्येक वर्षांपासून जात आहेत. पण ही वाट धावणाऱ्यांचीही आहे. १९९१मध्ये इथे ‘हिमालयन हंड्रेड माइल स्टेज रेस’ सुरू झाली. पाच दिवसांत शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, आणि त्यातला एक दिवस पूर्ण मॅरेथॉनच्या अंतराचा. आता शर्यतीशिवायही, पाठीवर छोटी पिशवी घेऊन आपापलं धावत जाणारे इथे दिसतात. पुण्या-मुंबईत मॅरेथॉन पळणाऱ्या, सह्याद्रीत डोंगर धावणाऱ्या कुणाच्याही मनात ही वाट भरेल अशीच आहे. म्हणून इथे धावणं नेमकं कसं चालतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी ही डोंगरधार समजून घ्यायला हवी. पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं.

हिमालयाच्या मुख्य रांगा पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. सिंगालीला मात्र कांचनजंगाच्या बाजूने दक्षिणेकडे, मैदानाच्या दिशेने उतरत येणारी सोंड आहे. तिच्या पूर्व उतारावर पडलेलं पाणी रम्माम, श्रीखोला अशा ओढ्यांतून रंगीत नदीला, तिथून तीस्तेला आणि शेवटी ब्रह्मपुत्रेला मिळतं. पश्चिम उतारावरचं पाणी नेपाळमधून गंगेकडे जातं. सह्याद्रीची मुख्य धार कोकण आणि देश यांचं पाणी वेगळं करते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. इथली धार दोन महानद्यांचं पाणी वेगळं करते, आणि त्याच रेषेने दोन देशही. १८१४ ते १८१६च्या इंग्रज-गोरखा युद्धानंतर सुगौलीच्या तहाने नेपाळची पूर्व हद्द मेची नदीवर आली. नदीच्या उगमाच्या वर हद्द दाखवायला नदी उरत नाही, म्हणून तिथून पुढे ती डोंगरमाथ्याने चालते. माथ्यावरून चालणं सगळ्यांनाच सोयीचं, त्यामुळे गुराख्यांची वाटही तिथूनच पडली आणि पुढे मोटाररस्ताही तिथूनच गेला.

धारेवर असण्याचे धावणाऱ्यावर तीन परिणाम होतात. एक, पाणी मिळत नाही, कारण झरे माथ्याच्या खाली फुटतात. दोन, वारा आणि ढग दोन्ही अंगांनी येतात आणि आडोसा क्वचितच असतो. तीन, वाट सरळ चढत नाही. डोंगरमाथा म्हणजे शिखरं आणि खिंडी यांची माळ असते, आणि मिळवलेली उंची प्रत्येक खिंडीत परत द्यावी लागते.

या तिसऱ्या गोष्टीचा हिशोब आधी मांडू. मानेभंज्यांग सुमारे २,१५० मीटरवर आहे आणि संदकफू ३,६३६ मीटरवर. संदकफू हा पश्चिम बंगालचा सर्वांत उंच माथा. मोटाररस्त्याने दोन्हींमधलं अंतर ३१-३२ किलोमीटर. वजाबाकी केली तर चढ भरतो जेमतेम १,४९० मीटर. पण वाट आधी टुमलिंगपर्यंत २,९७० मीटरवर जाते, तिथून गैरीबासच्या खिंडीत २,६२० मीटरपर्यंत उतरते, मग कालीपोखरीला ३,१८६ मीटर आणि शेवटी संदकफू. मधले लहान उंचवटे धरून खरी चढाई १,९०० मीटरच्या आसपास जाते. बारी गावातून कळसूबाई जवळपास दोनदा चढावी, एवढी. आणि ज्या मानेभंज्यांगला आपण पायथा म्हणतो, तेच कळसूबाईच्या माथ्याहून पाचशे मीटर उंच आहे.

वेळेचा अंदाज बांधायला जुनी रीत अजून चांगली चालते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये ती मांडली होती. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. या वाटेला ती लावली तर चालणाऱ्याला सव्वासहा तास अंतराचे आणि तीन तासांहून थोडे जास्त चढाचे, मिळून साडेनऊच्या आसपास. धावणारा यातून वेळ वाचवतो तो सपाटीवर आणि उतारावर. चढावर त्याची बचत फार थोडी होते. हे आधीच मनाशी पक्कं केलं की पहिल्या तीन किलोमीटरांत दमछाक होत नाही.

कारण ते पहिले तीन किलोमीटर कठीणच आहेत. मानेभंज्यांग ते चित्रे या टप्प्यात साडेतीनशे मीटरच्या आसपास चढ आहे, म्हणजे दर शंभर मीटर वाटेला जवळजवळ बारा मीटर उंची. सकाळची थंडी, ताजे पाय, सोबतीला उत्साही मंडळी, यामुळे इथे पळत सुटण्याचा मोह होतो. तो आवरावा. चढ एका मर्यादेपलीकडे उभा झाला की धावण्यात फायदा राहत नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीर हवेत उचललं जातं, आणि तीव्र चढावर त्या उचलण्याला जेवढी शक्ती लागते तेवढा वेग पदरात पडत नाही. त्यापेक्षा आखूड पावलं टाकत, हाताचे तळवे मांड्यांवर दाबत किंवा काठ्या टेकत झपझप चालणं स्वस्त पडतं. नामांकित डोंगरधावकही असे चढ चालतच जातात. आपण बरोबर चाललो आहोत का, हे कळायला घड्याळाची गरज नाही. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटू लागलं तर वेग जास्त झाला.

चित्र्यानंतर चढ थोडा सैल होतो. मेघमा गावापाशी वाट दुभंगते. एक फाटा भारताच्या हद्दीतून टोंगलूच्या ३,०७० मीटर उंच माथ्यावर जातो, दुसरा नेपाळच्या बाजूने थेट टुमलिंगला. १८४८च्या मे महिन्यात जोसेफ डाल्टन हूकर हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ याच टोंगलूवर चढला होता. पूर्व हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनची ओळख युरोपला मुख्यतः त्याच्या कामामुळे झाली. एप्रिल-मेमध्ये इथे येणाऱ्याला तो का भारावला असेल ते दर वळणावर कळतं.

आता सीमेविषयी. भारत आणि नेपाळ यांच्यातली हद्द १९५०च्या करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना खुली आहे. पासपोर्टवर शिक्का लागत नाही. टुमलिंग, जौबारी, कालीपोखरी ही गावं नेपाळमध्ये, गैरीबास भारतात. एका दिवसाच्या धावण्यात आपण कित्येकदा हद्द ओलांडतो आणि बऱ्याचदा ते बाजूला उभ्या असलेल्या दगडी सीमाखांबावरूनच कळतं. दोन्ही बाजूंना तीच नेपाळी भाषा, त्याच राई, लिंबू, तामांग, शेर्पा, गुरुंग घरांतली माणसं. तरीही ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे आणि २००१पासून तिच्या भारतीय बाजूची राखण सशस्त्र सीमा बल करतं. ठाण्यांवर ओळखपत्र दाखवून वहीत नाव नोंदवावं लागतं. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रतीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, धावण्याच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावं. सामानाच्या गाडीत ठेवलेलं ओळखपत्र ठाण्यावर काही कामाचं नाही, कारण गाडी मागे असते किंवा पुढे.

ठाणं दिसलं की पन्नास पावलं आधीच धावणं थांबवून चालत जावं. धुक्यातून कुणी अंगावर धावत आलेलं पहाऱ्यावरच्या जवानाला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. ठाण्याचे, छावणीचे फोटो काढू नयेत. मानेभंज्यांगच्या वनचौकीवर राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट काढावं लागतं आणि वाटाड्याही सोबत घ्यावा लागतो. धावणाऱ्यांना हा नियम अडचणीचा वाटतो. मला तो हवासा वाटतो. धुकं उतरलं की गुरांच्या दहा वाटांमधली आपली कोणती, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. आपण धावणार आहोत हे आधी सांगून ठेवलं की बरोबर धावू शकेल असा तरुण गाठता येतो. तो त्या उंचीवर जन्मला-वाढलेला असतो, तेव्हा मागे कोण पडणार हे वेगळं सांगायला नको.

हद्दीमुळे आणखी एक बारीक गोंधळ होतो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. धारेवर मोबाइलला कधी या देशाचा टॉवर मिळतो कधी त्या देशाचा, आणि फोनमधली वेळ आपोआप बदलत राहते. पहाटे किती वाजता निघायचं हे ठरवताना सगळ्यांनी एकच घड्याळ धरावं आणि फोनची वेळ हाताने पक्की करून ठेवावी.

त्याहून महत्त्वाचं घड्याळ सूर्याचं. संदकफू मुंबईच्या पूर्वेला सुमारे पंधरा रेखांश आहे, म्हणजे सूर्य तिथे एक तास आधी फिरतो, पण मनगटावरची वेळ तीच. नोव्हेंबरात तिथे पावणेपाचला सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने “सहापर्यंत उजेड आहेच” असं धरून चालणारा माणूस शेवटच्या चढावर अंधारात सापडतो. साडेपाच-सहाला निघून दुपारी दोनपर्यंत मुक्कामी पोहोचायचं, असा दिवस आखावा. त्याला दुसरं कारणही आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा अडवणाऱ्या पहिल्या उंच डोंगरांपैकी सिंगालीला एक. सकाळी उतार तापले की दरीतली हवा वर चढू लागते, वर येताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. म्हणून सकाळी लख्ख दिसणारी शिखरं दुपारी गायब होतात आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो.

टुमलिंगहून गैरीबासपर्यंतचा उतार हा पहिला खरा धावण्याचा टप्पा, आणि पायाची पहिली परीक्षा. इथला जुना रस्ता मोठाले दगडगोटे अंथरून केलेला होता. त्यावरून १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्या अजून चालतात, मानेभंज्यांगचा तो मोठा अभिमान आहे. गेल्या काही वर्षांत बऱ्याच भागावर काँक्रीट झालं. गावकऱ्यांची सोय झाली, आजारी माणूस लवकर खाली नेता येतो. धावणाऱ्याच्या गुडघ्यांना मात्र काँक्रीटचा उतार दगडांपेक्षाही वाईट, कारण प्रत्येक पाऊल त्याच कोनात, तेवढ्याच जोराने आपटतं. वाटाड्याला जुन्या पायवाटा माहीत असतात. त्या धराव्यात. पण दोन वळणांच्या मधून सरळ खाली उतरणाऱ्या नव्या चोरवाटा पाडू नयेत. पावसाळ्यात पाणी तिथूनच धावतं आणि वर्षभरात त्यांचे ओहोळ होतात.

वळणावर गाडी समोरून आली तर डोंगराच्या अंगाला उभं राहावं, दरीच्या नाही. याक किंवा खेचरांचा तांडा आला तरीही तसंच. लादलेल्या जनावराचा धक्का लागला तर कुठे पडायचं, हे आपण आधीच ठरवलेलं बरं.

गैरीबासपासून वरचं जंगल सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाचं. १९८६मध्ये अभयारण्य, १९९२मध्ये राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ ७८.६ चौरस किलोमीटर. उंचीप्रमाणे जंगलाचे थर इतके स्वच्छ बदलतात की त्यावरून आपण किती वर आलो ते ओळखता येतं. खाली ओक आणि मॅग्नोलिया, खोडांवर धुक्याने पोसलेलं जाड शेवाळ. गैरीबासच्या आसपास मालिंग नावाच्या बारीक बांबूची दाटी. वर गेलं की गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, सोबतीला हेमलॉक आणि सिल्व्हर फर. आणि संदकफूच्या पुढे उघडं कुरण.

मालिंगच्या त्या दाटीत रेड पांडा राहतो. बांबूचा पाला हेच त्याचं मुख्य अन्न. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयाने २००३मध्ये स्वीटी आणि मिनी या दोन माद्या, ज्या संग्रहालयातच जन्मल्या होत्या, या जंगलात सोडल्या होत्या. हा प्राणी पहाटे आणि संध्याकाळी जास्त हिंडतो. म्हणून या पट्ट्यातून अंधारात, डोक्याला दिवा लावून धावणं टाळावं, स्पीकरवर गाणी लावू नयेत, आणि गावातली कुत्री मागे लागली तर त्यांना बिस्किटं घालून जंगलात ओढत नेऊ नये. कुत्री रेड पांडाला मारतात, आणि त्यांचे रोगही त्याला लागतात. बिस्किटं कितीही प्रेमाने दिलेली असली तरी या जंगलाला ती महागात पडतात.

कालीपोखरीला काळसर पाण्याचं तळं आहे. स्थानिक लोक ते पवित्र मानतात. त्यात बाटली बुडवू नये. पाणी इथल्या घरांतून मागावं, तेही खालच्या झऱ्यावरून नळीने आणलेलं असतं. उकळलेलं पाणी विकत मिळतं आणि त्याचे पैसे देताना घासाघीस करू नये. पुढच्या चढाच्या आधी इथे गरम थुक्पा किंवा डाळ-भात पोटभर खाऊन घ्यावा. छुर्पीचा, म्हणजे वाळवलेल्या कडक चीजचा, तुकडा तोंडात धरला तर वाटेत चघळायला तास-दीड तास पुरतो. संध्याकाळी मुक्कामी तोंगबा, म्हणजे नाचणीचं गरम मद्य, पुढे येईल. इथे चढत असताना त्याला नको म्हणावं, कारण पुढच्या परिच्छेदात आहे.

कालीपोखरी ते संदकफू फक्त सहा किलोमीटर. पण बिखेभंज्यांगनंतरचा शेवटचा चढ असा आहे की रस्त्यावर दहा किलोमीटर हसत पळणारा माणूसही दर शंभर पावलांनी थांबतो. पाय थकलेले असतात हे खरं, पण मुख्य कारण हवा. संदकफूवर हवेत प्राणवायूचं प्रमाण खालच्याइतकंच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत. दाब कमी म्हणजे फुप्फुसातून रक्तात प्राणवायू ढकलणारा जोर कमी. शरीर लगेच एकच गोष्ट करू शकतं, श्वास वाढवणं. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, आणि मग मेंदूच श्वासाला आवर घालतो. ही ओढाताण सोडवायचं काम मूत्रपिंडं करतात. जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि श्वासाला मोकळीक मिळते. पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. वर गेल्यावर वारंवार लघवीला लागतं ते बऱ्याच अंशी याचमुळे, आणि ते चांगलं लक्षण आहे. तो त्रास टाळायला पाणी कमी पिणं हा उलटा उपाय झाला. मद्य आणि झोपेच्या गोळ्या नेमका हा वाढलेला श्वास दाबतात, म्हणून चढताना दोन्ही वर्ज्य. तांबड्या रक्तपेशी वाढायला तर आठवडे लागतात. चार दिवसांच्या सहलीत त्यांचा भरवसा धरू नये.

आता धावणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं अशी गोष्ट. तंदुरुस्त माणसाला विरळ हवेचा आजार कमी होतो, असा समज पक्का रुतलेला आहे. तो चुकीचा आहे. रोज वीस किलोमीटर पळणाऱ्याला हा आजार इतरांइतकाच होऊ शकतो. उलट तो भराभर वर जातो, आणि भराभर वर जाणं हेच या आजाराचं मुख्य कारण आहे. म्हणजे आपली ताकदच आपल्याला अडचणीत आणते. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती दिसली तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं, किंवा बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला येणं ही धोक्याची लक्षणं. ती दिसली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवायचं. उतरणं हेच मुख्य औषध आहे. गोळ्यांविषयी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

गिर्यारोहण-वैद्यकातला सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. या नियमाला सिंगालीलाची गावं अशी बसतात की जणू त्यासाठीच वसवली असावीत. टुमलिंग २,९७०, कालीपोखरी ३,१८६, संदकफू ३,६३६. तेव्हा शर्यतीतले लोक एका दिवसात संदकफू गाठतात म्हणून आपणही गाठावं, असं मी कुणालाही सुचवणार नाही. त्यांच्यामागे डॉक्टर, गाड्या आणि सगळी व्यवस्था असते. पहिल्या खेपेला पहिला मुक्काम टुमलिंग, दुसरा कालीपोखरी. तिसऱ्या दिवशी सकाळी संदकफूला पोहोचून सामान ठेवावं आणि फालुटच्या दिशेने तास-दोन तास हलकं धावून परत यावं. दिवस छोटे वाटतील. शरीराला नेमके तेच हवे असतात.

थंडीचंही सांगायला हवं. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सिलिगुडीच्या मानाने संदकफू वीसहून जास्त अंशांनी थंड. नोव्हेंबरात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. धावताना थंडी वाजत नाही, धोका असतो थांबल्यावर. घामाने ओला सुती बनियन, वर धारेचा वारा, आणि पाच मिनिटांत दात वाजू लागतात. अंगालगत सुती कपडा घालूच नये. वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट, हातमोजे, कानटोपी आणि एक कोरडा जाडसर कपडा पिशवीतच असावा. सकाळी आकाश निरभ्र असलं तरीही.

संदकफूवरून जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार दिसतात: एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू. कांचनजंगा आणि तिच्या शेजारच्या शिखरांची रांग आडव्या निजलेल्या बुद्धासारखी दिसते, तिला सगळेच निद्रिस्त बुद्ध म्हणतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हवा सर्वांत स्वच्छ असते. फुलांसाठी एप्रिल-मे. जून मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत उद्यान बंद असतं.

संदकफू ते फालुट हे २१ किलोमीटर म्हणजे या वाटेचं सर्वांत सुरेख धावणं. फालुट ३,६०० मीटरच्या आसपास, म्हणजे निव्वळ चढ जवळजवळ शून्य. पिवळट गवताची कुरणं, मधेच जळून सुकलेल्या फर वृक्षांचे उभे सांगाडे, याकांचे कळप, डावीकडे एव्हरेस्टची बाजू आणि समोर कांचनजंगा. मात्र सपाट हा शब्द इथे जपून घ्यावा. लहान लहान चढ-उतार संपत नाहीत, आणि या हवेत दहा मीटरचा उंचवटाही कळतो. वाटेत पाण्याची खात्री नाही. निदान दोन लिटर संदकफूहूनच न्यावं. थंडीत तहान लागत नाही, पण विरळ कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच असतं, म्हणून दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. नळीच्या पिशवीतलं पाणी पहाटे गोठतं, साधी बाटली बरी. गुरं राखणारी कुत्री कळपाजवळ आली की धावणं थांबवावं, त्यांच्याकडे पाठ न करता चालत बाजूने जावं. फालुटच्या माथ्याशी पश्चिम बंगाल, सिक्कीम आणि नेपाळ एकत्र येतात.

इथून वाट हद्द सोडून पूर्वेला जंगलात उतरते. फालुट ते गोर्खे पंधरा किलोमीटर, आणि तेवढ्यात सुमारे १,३०० मीटर उतार. कुरण, मग फर, मग गुराँस, मग बांबू, मग ओक. वर चढताना पाहिलेले थर आता उलट क्रमाने येतात. वाट मातीची, पानांनी झाकलेली, मुळांनी भरलेली, सावलीमुळे दुपारपर्यंत ओली. वेग आपोआप येतो आणि इथेच घोटे मुरगळतात. पावलं आखूड आणि चटचट टाकावीत, पाऊल शरीराच्या खाली पडावं, पुढे लांब नाही. नजर पायापाशी न ठेवता चार-पाच पावलं पुढे. अंग किंचित पुढे झुकलेलं. मागे रेलून टाचांनी ब्रेक लावणारा माणूसच ओल्या पानांवर घसरतो. ओल्या मुळावर पाय ठेवू नये, ओलांडावं.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू एकाच वेळी ताणलाही जातो आणि आकुंचनही पावतो, कारण तो शरीराला रोखून धरत असतो. या कामात स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्याचं दुखणं एक-दोन दिवसांनी पूर्ण जोरात येतं. त्यावरचा उपाय आधीच करावा लागतो, आणि तो सह्याद्रीत उत्तम होतो. सिंहगड चढून गाडीने खाली येण्याऐवजी पायवाटेने उतरावं, तेही दर आठवड्याला. राजगड आणि तोरणा जोडणारी धार तर या सरावासाठी फार चांगली. तिथेही वाट माथ्याने जाते, पाणी मिळत नाही, उंची मिळते आणि जाते. घसाऱ्यावरून उतरण्याची सवय असलेला मराठी माणूस गोर्ख्याच्या उतारावर बहुधा निर्धास्त असतो. जे सह्याद्रीत मिळत नाही ते फक्त उंची आणि थंडी, आणि त्यांचा सराव वर जाऊन सावकाशच करावा लागतो.

गोर्खे म्हणजे ओढ्याकाठचं, पलीकडे सिक्कीम असलेलं टुमदार गाव. तिथून पुन्हा चढून समानदेन, मग रम्माम, मग श्रीखोलाचा पूल आणि शेवटी रिंबिक. फालुटहून थेट रिंबिक एका दिवसात गाठण्यापेक्षा गोर्ख्याला थांबावं. मांड्या दुखू लागण्याआधी रम्मामचा चढ दुसऱ्या सकाळी ताज्या पायांनी होतो. रिंबिकहून दार्जिलिंगच्या सामायिक जीपगाड्या सकाळी लवकर सुटतात, जागा आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावी. ज्यांना पूर्ण फेरी करायची आहे त्यांनी रिंबिकला एक दिवस आराम करून मग पाल्माजुआमार्गे मानेभंज्यांगला परत धावत यावं. शर्यतीचे शेवटचे दोन दिवसही याच बाजूने जातात. हा भाग मोटाररस्त्याचा आहे, पण उंची कमी झालेली असते, श्वास मोकळा असतो, आणि चार दिवस विरळ हवेत घालवल्यावर तिथल्या चढांवरही पाय सहज धावू लागतात.